आम्ही चौघी आणि गोल्फ

वहिनींनी पहिल्यांदा गोल्फचा क्लब हातात धरला तेव्हा त्यांनी पन्नाशी गाठली होती. मी बेचाळीसची होते. डॉक्टरीणबाई आणि बँकवाली मैत्रीण यांची वयं आमच्या दोघींच्या मधली. वर्ष २००६, ठिकाण येरवड्याचं पूना क्लबचं गोल्फ मैदान. वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या चुलतभावाची बायको, पण आता त्या सगळ्यांच्याच वहिनी झाल्या आहेत. शाळा सुटल्यानंतर चौघींपैकी एकीनंही कुठला खेळ खेळला नव्हता. डॉक्टरीणबाईंचे यजमान तिथे खेळायचे, त्यांच्या बोटाला धरून आम्ही आत गेलो, आणि रविवारची पहाट तेव्हापासून आमची झाली. पावणेसहाला फाटकाशी भेटायचं, गवतावर दव असतानाच पहिला बॉल मारायचा, आणि टिटव्यांच्या ओरडण्यात चार तास चालायचं.

पुढे आम्ही बाहेरगावी जायला लागलो. उटी झालं, सिमल्याजवळचं नालदेहरा झालं, गुलमर्ग झालं, आणि २०२३ च्या मे महिन्यात स्कॉटलंडमधलं सेंट अँड्र्यूज झालं. माझी भाची हल्लीच खारघरला खेळायला लागली आहे. सिडकोनं केलेलं ते मैदान आहे, क्लबचं सभासदत्व नसलं तरी पैसे भरून खेळता येतं. ऑफिसातल्या तिघींबरोबर ती थंडीत पहिल्या सहलीला निघाली आहे. फोनवर म्हणाली, "मावशी, काय काय लक्षात ठेवू?" फोनवर सांगून संपेना, म्हणून लिहायला बसले.

१. सहलीची भिशी असावी

गोल्फ स्वस्त नाही. मैदानाची फी, कॅडीचे पैसे, विमान, हॉटेल, सगळं एकदम अंगावर आलं की चौघींपैकी एक तरी गप्प होते, आणि ती का गप्प झाली हे बाकीच्यांना कळत नाही. आम्ही २०१० पासून दर महिन्याला एक ठरावीक रक्कम भिशीत टाकतो. हिशेब बँकवालीकडे. या भिशीत नंबर लागत नाही, पैसे साठतात आणि सहलीलाच बाहेर निघतात. एखाद्या महिन्यात एखादीला जमलं नाही तर तिनं कारण सांगायचं नाही आणि कुणी विचारायचंही नाही. स्कॉटलंडचे पैसे असेच साठले. जायचं होतं २०२० मध्ये, करोनामुळे तीन वर्षं थांबलो, पण पैशावरून एकीनंही मागे पाऊल घेतलं नाही.

२. घर पाच दिवस चालतं

उटीची सहल २०११ ची. निघायच्या आदल्या रात्री मी फ्रिजमध्ये डबे रचले होते, प्रत्येकावर वार लिहिलेला. दूधवाला, इस्त्रीवाला, मुलाची शिकवणी, सगळ्यांची यादी भिंतीला चिकटवली. तरीही विमानात माझा जीव घरातच होता. नवरा कामासाठी महिना महिना बाहेर असायचा, त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं. बायको मैत्रिणींबरोबर खेळायला जाते म्हटल्यावर मात्र शेजारच्या काकूंनी दोनदा विचारलं, "एकटीच?"

दुसऱ्या रात्री घरी फोन केला. सासूबाईंनी उचलला. त्यांनी पिठलं-भात केला होता, बापलेक जेवून पत्ते खेळत बसले होते, माझे डबे तसेच होते. परत आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "चेहरा किती उजळलाय तुझा. पुढच्या वेळी आठवडाभर जा." आज त्या नाहीत. प्रत्येक सहलीची बॅग भरताना मला त्यांचं हे वाक्य ऐकू येतं. ज्यांच्या घरी असं म्हणणारं कुणी नाही, त्यांनी ते स्वतःलाच म्हणावं आणि निघावं.

३. हँडिकॅप लपवायचा नसतो

डॉक्टरीणबाईंचा हँडिकॅप १४ आणि वहिनींचा ३४. नव्या मुलींना ३४ सांगताना संकोच वाटतो, म्हणून त्या आकडा कमी करून सांगतात. त्यात त्यांचाच तोटा असतो. दुसऱ्या कुठल्या खेळात रोज सराव करणारी बाई आणि आठवड्यातून एकदा खेळणारी बाई एकाच सामन्यात खऱ्या अर्थानं समोरासमोर उभ्या राहतात? वहिनींना १८ होलमध्ये ३४ फटके जास्तीचे मिळतात. म्हणजे प्रत्येक होलला एक, आणि सर्वांत अवघड १६ होलना दोन.

सहलीत आम्ही कायम स्टेबलफर्ड पद्धतीनं खेळतो. फ्रँक स्टेबलफर्ड हे सर्जन होते. इंग्लंडमधल्या वॉलसी क्लबवर १९३२ च्या मे महिन्यात त्यांच्या पद्धतीचा पहिला सामना झाला. फटके मोजत न बसता गुण मोजायचे. आपले जास्तीचे फटके वजा करून पार, म्हणजे त्या होलसाठी ठरवलेले फटके, आले तर दोन गुण, एक फटका जास्त गेला तर एक, त्याहून जास्त गेले तर शून्य. शून्य आलं की बॉल उचलून खिशात टाकायचा आणि पुढच्या होलकडे चालू लागायचं. एक होल बिघडलं म्हणून अख्खा दिवस बिघडत नाही.

नालदेहराला देवदारांच्या मधून जाणारं चार पारचं एक अवघड होल होतं. डॉक्टरीणबाईंना सहा फटके लागले, वहिनींनाही सहाच. पण वहिनींना तिथे दोन फटके मिळत होते आणि डॉक्टरीणबाईंना एक. वहिनींचे दोन गुण, डॉक्टरीणबाईंचा एक. वहिनी कार्डाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे मी जिंकले?" डॉक्टरीणबाईंनी टोपी काढून त्यांना नमस्कार केला. ही तीच जागा, जिच्या प्रेमात पडून लॉर्ड कर्झननं आपल्या मुलीच्या नावात 'नालदेरा' घातलं. तिथे मला आठवण राहिली ती वहिनींच्या त्या चेहऱ्याची.

४. न विचारता शिकवू नये

ही चूक माझी आहे, म्हणून सविस्तर सांगते. गुलमर्गला बँकवालीचा बॉल सारखा उजवीकडे जात होता. मी नुकतीच एका प्रशिक्षकाकडे जाऊन आले होते आणि मला सगळं नीट दिसत होतं. खांदे लवकर उघडतात, डावा हात सैल पडतो. तिसऱ्या होलपासून मी सांगायला लागले. आधी एक गोष्ट, मग दुसरी. सातव्या होलला तिनं मारायच्या आधी माझ्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेत मला दिसलं की आता ती बॉलसमोर उभीच राहत नाहीये, परीक्षेला उभी राहतेय. आठव्या आणि नवव्या होलला ती एक शब्द बोलली नाही. समोर पीर पंजालचा बर्फ, कोवळं ऊन, आणि मी मैत्रिणीचा दिवस हिरावून घेतलेला.

संध्याकाळी कहवा पिताना मी माफी मागितली. ती म्हणाली, "मला माहीत होतं तू काय म्हणतेयस ते. पण मला तेव्हा फक्त खेळायचं होतं गं."

खेळाच्या नियमांतही हे आहे. फटके मोजून सामना चालू असताना प्रतिस्पर्ध्याला सल्ला दिला तर दोन फटक्यांचा दंड बसतो. ज्यांनी नियम केले त्यांना माणसं ओळखता येत असणार. शिकायची जागा सरावाचं मैदान. आमच्यात आता ठरलं आहे, जिला हवं असेल ती विचारेल.

५. कॅडीचं नाव विचारावं, आणि मग त्याचं ऐकावं

येरवड्याला आमच्याबरोबर वर्षानुवर्षं एक वयस्क कॅडी असत. आम्ही त्यांना मामा म्हणत असू, ते आम्हाला ताई. बॉल झाडीत गेला की पुढे उभा असलेला आगेवाला हात करायचा, पण मामांना बहुतेक वेळा आवाजावरूनच कळलेलं असायचं. "ताई, निलगिरीच्या बुंध्याला लागून डावीकडं आलाय, चला."

ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, वहिनींचा नेम नेहमी चुकायचा. त्या बसून, डोळा बारीक करून उतार बघायच्या आणि तरी बॉल भलतीकडे वळायचा. मामांनी एकदा त्यांना बॉल आणि होल यांच्या मध्यावर, रेषेपासून जरा बाजूला उभं केलं. "डोळे मिटा ताई. दोन्ही पायांवर सारखा भार द्या. कुठल्या तळव्यावर जास्त येतोय?" वहिनी म्हणाल्या, "उजव्या." मामा म्हणाले, "मग बॉल पण उजवीकडंच जाणार. डोळे फसतात, तळवे नाही फसत." मी पुस्तकं वाचली, व्हिडिओ पाहिले, पण उतार वाचायची याहून चांगली रीत मला कुणी शिकवली नाही.

बाहेरगावी तर कॅडीवाचून पान हलत नाही. गुलमर्ग २,६०० मीटरच्या वर आहे, हवा विरळ, बॉल पुण्यापेक्षा लांब जातो. तिथल्या कॅडी मुलानं माझ्या हातातला सात नंबरचा क्लब काढून कमी लांब मारणारा आठ नंबर दिला. मी ऐकलं नाही, आणि बॉल ग्रीनच्या पलीकडे उतरणीला गेला. त्यानंतर ऐकलं.

पैसे ठरल्यापेक्षा थोडे जास्त द्यावेत, हे खरंच. पण अर्ध्या वाटेवर चहा घेतो तेव्हा त्यांचाही कप आपल्याबरोबर यावा, आणि निघताना त्यांना नावानं हाक मारून निरोप घ्यावा.

६. सात क्लब पुरतात

नियमानं बॅगेत जास्तीत जास्त १४ क्लब ठेवता येतात. आम्ही चौघीही ते चौदा घेऊन जगभर फिरायचो. स्कॉटलंडच्या सहलीत एडिनबरोच्या विमानतळावर उतरलो तर डॉक्टरीणबाईंची बॅग आलीच नव्हती. काउंटरवर फॉर्म भरून घेतला आणि "उद्या येईल" असं सांगितलं. बॅग आली तिसऱ्या दिवशी, तीही मोडलेल्या झिपची.

पहिल्या संध्याकाळी खोलीत आम्ही पलंगावर सगळे क्लब पसरले. माझे सात माझ्याकडे, सात डॉक्टरीणबाईंना. ड्रायव्हर, पाच नंबरचं वूड, सात आणि नऊ नंबरचं आयर्न, दोन वेज, पटर. दोघींत जे एकच होतं ते आळीपाळीनं वापरायचं ठरलं. सामन्यात हे चालत नाही, आपापसांत चालतं. दुसऱ्या दिवशी समुद्राच्या वाऱ्यात आम्ही दोघी त्या सात-सातांवर खेळलो. कुठला क्लब घ्यावा यावर विचार करायला उरलंच नव्हतं. सात नंबर जरा हलका मारायचा की जोरात, एवढंच. त्या दिवशी माझे १८ होलमध्ये ३३ गुण झाले. तेव्हापासून माझ्या बॅगेत सातच असतात, आणि ती मी स्वतः खांद्यावर घेऊ शकते. पन्नाशीनंतर हे सुख मोठं आहे.

झिपबद्दल एवढंच, बॅगेवर जाड कव्हर घालावं आणि क्लबची डोकी टॉवेलमध्ये गुंडाळावीत.

७. तीन मिनिटं म्हणजे तीनच मिनिटं

बॉल हरवला तर २०१९ पासून शोधायला तीन मिनिटं मिळतात, आधी पाच होती. मागे चौघं ताटकळत असताना साडेतीनशे रुपयांच्या बॉलसाठी झुडपं उपसू नयेत. आपल्या फटक्यानं उखडलेलं गवत परत जागेवर बसवून पायानं दाबावं, बंकरमधून निघताना वाळू सारखी करावी. कुणी बघत नसलं तरी.

८. सहलीतला एक दिवस बिनखेळाचा ठेवावा

सेंट अँड्र्यूजला रेल्वे जात नाही. ल्यूकार्स नावाच्या लहानशा स्टेशनवर उतरून पुढे बस किंवा टॅक्सी.  तिथल्या ओल्ड कोर्सवर खेळायचं तर हँडिकॅपचा दाखला लागतो आणि दोन दिवस आधी नावं टाकून सोडतीची वाट बघावी लागते. आणि रविवारी तो कोर्स खेळासाठी बंदच असतो. जगातल्या सर्वांत जुन्या मैदानांपैकी एक, आणि रविवारी त्यावर गावातली माणसं फिरायला येतात. बाबागाडीत बाळं, साखळी सोडलेली कुत्री, हातात हात घातलेली म्हातारी जोडपी, सगळी फेअरवेवरून चालत होती. ही जमीन सार्वजनिक आहे, याचा अर्थ मला त्या दिवशी डोळ्यांनी दिसला.

आम्हीही चाललो. इथे १७६४ मध्ये २२ होलची १८ झाली आणि मग सगळ्या जगानं १८ धरली. ग्रीन इतके प्रशस्त की सात ग्रीनवर दोन-दोन होल आहेत, जाताना एक आणि येताना एक. बँकवालीनं चालता चालता शोधून काढलं की एकाच ग्रीनवरच्या दोन होलच्या नंबरांची बेरीज कायम १८ येते. दुसरं आणि सोळावं, तिसरं आणि पंधरावं. तिला इतका आनंद झाला की ती प्रत्येक झेंड्याशी थांबून बेरीज करत राहिली. स्विल्कन ओढ्यावरच्या दगडी पुलावर फोटोसाठी रांग होती, तिथे आम्हीही उभ्या राहिलो.

पुढे गेल्यावर वहिनी एकदम थांबल्या. "खोबऱ्याचा वास येतोय." आम्ही म्हटलं, इथे कुठलं खोबरं? वहिनी मूळच्या मालवणच्या, त्यांचं नाक चुकत नाही. बाजूला काटेरी झुडपं होती, पिवळ्याधमक फुलांनी लगडलेली. त्यांनी वाकून एक फूल चुरगळलं आणि आमच्या नाकाशी धरलं. खरंच, ताजं किसलेलं खोबरं. तेच झुडूप आम्ही उटीला पाहिलं होतं, गॉर्स त्याचं नाव. इंग्रजांबरोबर ते निलगिरीत आलं आणि तिथे रान माजवून बसलं आहे. उटीला आम्ही त्याला फक्त काट्यांमुळे ओळखत होतो, कारण त्यात बॉल जायचे. बारा वर्षांनी, बॉल हातात नव्हता म्हणून त्याचा वास कळला.

९. जिचे पाय आधी थकतात, तिच्या पायांनी सहल आखावी

हे मला सर्वांत उशिरा कळलं, आणि भाचीनं सर्वांत आधी ध्यानात ठेवावं असं हेच आहे.

वहिनींच्या दोन्ही गुडघ्यांची वाटी २०२१ मध्ये बदलली. डॉक्टरांनी खेळायला परवानगी दिली, पण १८ होल म्हणजे आठ-नऊ किलोमीटरची चाल, ती त्यांना झेपत नाही. स्कॉटलंड ठरवताना त्यांनीच म्हटलं, "तुम्ही तिघी खेळा, मी बघेन." आम्ही हो म्हटलं असतं तर सहल मोडली नसती, पण ती आमची राहिली नसती. म्हणून एक खेळ ठेवला बॅलगोव्ह या नऊ होलच्या छोट्या कोर्सवर, चौघींचा. ओल्ड कोर्सच्या सोडतीत चौघींची नावं टाकली, वहिनी चालतील तितकं चालतील म्हणून. सोडत दोनदा निघाली, दोन्ही वेळा आमचं नाव नव्हतं.

मला फार वाईट वाटलं होतं. सतरा वर्षं ज्याचे फोटो पाहिले, ते मैदान खिडकीतून दिसत होतं आणि त्यावर दुसरेच लोक खेळत होते. त्या दुपारी मी फारशी बोलत नव्हते. वहिनी म्हणाल्या, "चल, हिमालयात जाऊ."

ओल्ड कोर्सला लागूनच पटिंगचं एक मैदान आहे, त्याचं नाव हिमालय. त्या काळचे नामवंत गोल्फपटू ओल्ड टॉम मॉरिस यांनी ते घडवलं. १८६७ मध्ये इथे बायकांचा पटिंग क्लब निघाला, कारण बाईनं क्लब खांद्याच्या वर उचलणं त्या काळी शोभत नसे. शेजारच्या आर अँड ए क्लबनं बायकांना सभासद करून घ्यायला २०१४ उजाडलं. पण हिमालय बायकांचाच, आणि आज थोडे पौंड दिले की कुणीही खेळावं. टपरीवजा खोलीतून पटर आणि बॉल देतात. उंचवटे आणि खळगे असे, की जमीन जणू उकळता उकळता गोठली आहे. चालायचं अंतर थोडंच. वहिनींच्या गुडघ्यांना पुरेल इतकंच.

आम्ही चौघी खेळलो. शेजारी एक आजोबा दोन नातींना घेऊन आले होते, पलीकडे कॉलेजची पोरं. अर्ध्या वाटेवर माझ्या ध्यानात आलं की मी हसतेय. डॉक्टरीणबाई पुढे होत्या, वहिनी एकानं मागे. शेवटच्या होलला वहिनींचा बॉल पंधरा पावलं लांब, मध्ये एवढा उंचवटा की झेंड्याचं फक्त टोक दिसत होतं.

वहिनी उंचवट्यावर चढून गेल्या. रेषेपासून जरा बाजूला उभ्या राहिल्या आणि डोळे मिटले. समुद्रावरून वारा येत होता, त्यांच्या पदराचं टोक फडफडत होतं. मिनिटभर तशाच उभ्या. मग खाली उतरून आल्या आणि झेंड्याच्या पार डावीकडे, भलत्याच दिशेला पाहून बॉल मारला.

बॉल चढला, माथ्यावर थबकल्यासारखा झाला, उजवीकडे वळला आणि दिसेनासा झाला. मग पलीकडून खुट् असा आवाज आला.

तिथे साडेचार वाजले होते, पुण्यात रात्रीचे नऊ. वहिनींनी तिथूनच मामांना फोन लावला. "मामा, हिमालयात पंधरा पावलांवरून पडला!" फोन स्पीकरवर होता. मामा क्षणभर थांबले, मग विचारलं, "उतार कुठल्या तळव्यावर आला होता, ताई?"